वाटणीपत्रातली कुणबीण

वणीच्या खंडेरावांना लेकीसाठी, सृष्टीसाठी, कुणबी दाखला काढायचा होता. चुलत्याच्या पेटीत मोडीतलं जुनं वाटणीपत्र निघालं, तसे ते पंचवटीत मोडी वाचणाऱ्या सरिताताईंकडे आले.

ताईंचं बोट ओळींवरून सरकत होतं. जमीन, विहीर, तांब्याची भांडी, बैल, म्हशी. मग ते थांबलं.

"'कुणबीण पुंजी व तिचा पोर झुंबर, धाकट्या चिरंजिवांकडे.'"

"कुणबीण! सापडलं की ताई!" खंडेराव खुर्चीतून अर्धे उठले. "अन् झुंबर म्हंजी आमचे झुंबरबाबा. वंशावळीत पहिलं नाव त्यांचंच."

"बसा जरा, खंडेराव," सरिताताई हळूच म्हणाल्या. "हा शब्द इथे जातीचा वाटत नाही. त्या काळी विकत घेतलेल्या दासीलाही कुणबीण म्हणायचे. म्हणून तर ही दोघं म्हशींच्या खाली लिहिलीत."

"म्हंजी कामाला ठेवलेली?"

"नाही. मालकीची. पोरगाही मालकीचा."

खंडेरावांना काही उमगेना. "पण आमचं आडनाव तर कागदावरच्या मालकाचंच हाय. मग बाबा त्याचे लेक, का त्याचे गुलाम?"

"दोन्ही असू शकतील. पुंजीच्या नवऱ्याचं नाव इथे नाही."

"ती कुठली? कुणाची लेक?"

"तेही नाही."

त्यांना राग आला, पण धरायचा कोणावर? मालकावर धरावा, तर तोही कदाचित आपलाच. मळ्यातल्या ज्या विहिरीचा त्यांना एवढा अभिमान, ती पुंजीनं नुसती शेंदली असेल. मग ती विहीर आपल्याकडे आली कशी?

"मराठीत उतरवून देऊ?" ताईंनी विचारलं.

"त्यात ते म्हशींचं येणार?"

"जे आहे ते सगळं येणार."

"मग नको." कागद उचलून ते जिना उतरले. गल्लीपर्यंत गेले आणि परत वर आले.

"लिहा. दाखल्याला नाय, घरी ठेवायला."

का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाहेर पडले तोच सृष्टीचा फोन आला. "पप्पा, मिळाली का नोंद?"

"मिळाली गं. पुंजीची."

"कोण पुंजी?"

आजी म्हणावं, दासी म्हणावं, काय म्हणावं? मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. फोन कानाला लावून खंडेराव तसेच गल्लीच्या मधोमध उभे राहिले.