पडताळणी आणि मुद्रांकन

विनीतने रुमालाची घडी उलगडली, घड्याळ जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि खुर्ची वीतभर मागे घेतली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असलेला माणूस घेतो, तशी.

"काका, राग नका मानू. रोज अकरा मिनिटं मागे पडतंय."

रत्नदीप गायकवाड यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. त्यांनी विनीतकडे पाहिले. एकतीस वर्षे वैधमापन निरीक्षक म्हणून वजने-मापे तपासलेल्या माणसाची ती नजर होती. कल्याणच्या घाऊक बाजारात या नजरेखाली भल्याभल्या व्यापाऱ्यांनी पारड्याच्या तळाला चिकटवलेली चिंच आपण होऊन खरवडून काढली होती.

"ठेवलं कुठे होतंस?"

"दिवसा हातात घातलेलं. झोपताना कपाटात."

"कपाट लोखंडी?"

"लाकडी, काका."

"फ्रिजपासून किती अंतरावर?"

ते काही आपण मोजलेले नाही, असे विनीतने कबूल केले. रत्नदीप यांनी सावकाश मान डोलावली. मोजलेलेच नाही म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीने वाद तिथेच मिटला होता.

वाद ज्याच्यावरून होता ते घड्याळ स्विस होते, साठ वर्षांपूर्वीचे, रोज चावी द्यावी लागणारे. निवृत्तीनंतर रत्नदीप यांनी अशी अकरा घड्याळे जमवली होती. पाच हजारांच्या वर जायचे नाही आणि तबकडी नव्याने रंगवलेली असेल तर फुकटही घ्यायचे नाही, असे त्यांचे दोन नियम होते. त्यांच्यासारखाच संग्राहक असलेल्या डोंबिवलीच्या विनीतकडे काळ्या, अस्सल तबकडीचे एक घड्याळ होते. त्याच्यावर रत्नदीप यांचा तीन वर्षे डोळा होता. अखेर या स्विस घड्याळाशी त्याची अदलाबदल ठरली. मात्र विनीतने आठ दिवस घड्याळ वापरून पाहायचे, या अटीवर. रत्नदीप यांनी ते देताना सोबत स्वहस्ताक्षरातले प्रमाणपत्र जोडले होते: सदर घड्याळ सलग सत्तावीस दिवस तपासले असता दैनिक फरक अर्ध्या मिनिटाच्या आत आढळला, या काळात काटे एकदाही फिरवावे लागले नाहीत. खाली सही. आजवर त्यांच्या सहीखालचे एकही माप खोटे ठरलेले नव्हते.

शकू चहा घेऊन आली. ती रत्नदीप यांची पत्नी, निवृत्त परिचारिका. तिने विनीतच्या मुलीच्या तापाची चौकशी केली, पथ्य सांगितले आणि मग टेबलावरचे घड्याळ पाहून कशावरून चालले आहे असे विचारले. विनीतने अकरा मिनिटांची हकिगत सांगितली.

"मला बाई त्यातलं काही कळत नाही," असे म्हणून ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली. जरा लगबगीनेच गेली.

विनीत मऊ स्वभावाचा असला तरी सॉफ्टवेअरमधला होता, त्यामुळे चूक शोधण्याची त्याला रोजची सवय होती. त्याने सुचवले की काकांनी घड्याळ मुद्दाम बारा मिनिटे मागे लावावे. दुसऱ्या दिवशी ते बाराच मिनिटे मागे दिसले तर काका खरे; तेवीस मिनिटे दिसले तर आपण खरे. येत्या रविवारी काय तो निकाल लावू. रत्नदीप यांना ही कल्पना आवडली. ती आपल्याला सुचली नाही एवढीच काय ती तिच्यात खोट होती.

निवृत्तीचे पहिले वर्ष वाईट गेले होते. अकरा घड्याळे अकरा वेळा दाखवीत, आणि जे मागे पडे ते रत्नदीप यांचा रक्तदाब पुढे नेई. त्या दिवशी नाश्ता तसाच राही, कल्याणच्या घड्याळजीला फोनवर अर्धा तास कायदा ऐकावा लागे, आणि संध्याकाळी डॉक्टर गोळी वाढवीत. मग गेल्या दिवाळीच्या सुमारास घड्याळे एकापाठोपाठ एक ताळ्यावर आली. याचे श्रेय रत्नदीप यांनी आपल्या चावी देण्याच्या पद्धतीला दिले: सकाळी सहाला, मोजून सोळा वेढे, तबकडी आकाशाकडे. संग्राहकांच्या बैठकीत त्यांनी या विषयावर चाळीस मिनिटांचे व्याख्यानही दिले. डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. त्याच सुमारास घरच्या चपात्या मात्र सैल कणकेच्या होऊ लागल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी शकूच्या कानावर दोनदा घातलीही होती.

सोमवारी त्यांनी घड्याळ बारा मिनिटे मागे लावले. कोणाला सांगितले नाही. तपासणीची आगाऊ सूचना देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. मंगळवारी सहाला चावी दिली, नेहमीप्रमाणे तलावपाळीला एक फेरी मारली, सातला परत येऊन घड्याळांचा डबा उघडला. घड्याळात सात वाजून दोन मिनिटे झाली होती. मोबाइलमध्येही सात वाजून दोन मिनिटेच झाली होती.

त्यांनी कागदावर बराच वेळ आकडेमोड केली. मग घड्याळ चाळीस मिनिटे पुढे लावले.

बुधवारी फेरीहून आल्यावर ते पुन्हा बरोबर होते.

रत्नदीप यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोंबिवलीत अकरा मिनिटे मागे पडणारे, इकडे नौपाड्यातल्या घरात मंगळवारी बारा मिनिटे पुढे धावणारे आणि बुधवारी चाळीस मिनिटे थांबून राहणारे घड्याळ स्वित्झर्लंडमध्ये बनत नाही. इतरांच्या रंगवलेल्या तबकड्या ज्याने उघड्या पाडल्या, ते भिंग त्यांनी डोळ्याला लावले. तबकडी निर्दोष होती. काटे निर्दोष होते. चावीच्या दात्यांत मात्र काहीतरी पांढुरके वाळलेले होते. टाचणीने काढून त्यांनी ते ओल्या बोटावर घेतले आणि चोळले.

कणीक होती.

उरलेली दहा घड्याळे त्यांनी एकेक करून भिंगाखाली धरली. चारांच्या चावीत कणीक सापडली. एकाच्या चावीत हळद होती.

तंतोतंत बरोबर तागडी दिसली की ती दोनदा तपासायची, हे ते नव्या निरीक्षकांना पहिल्याच दिवशी शिकवीत असत. भिंग डोळ्याला तसेच लावून ते किती वेळ बसले हे सांगता येणार नाही. घरात अकरा घड्याळे असूनही.

"अहो, चहा निवतोय," आतून आवाज आला.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. शकूची पाठ त्यांच्याकडे होती. ती परातीत कणीक मळत होती.

"शकू, वॉर्डात नाडी मोजायचीस ते घड्याळ बरोबर चालायचं?"

तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"मी रोज लावायची ना," ती वळून न पाहता म्हणाली. "गोळी घेतलीत?"

"घेतो."

रविवारची वाट न पाहता त्यांनी विनीतला फोन केला आणि ते प्रमाणपत्र फाडून टाकायला सांगितले.

"तुझी अकरा मिनिटं बरोबर आहेत."

दुसऱ्या कोणाचे बरोबर आहे हे वाक्य रत्नदीप यांच्या तोंडून संग्राहकांपैकी कोणीही आजवर ऐकलेले नव्हते.

"पण काका, मग तुमच्याकडे बरोबर कसं चालायचं?"

"पडताळणीत दोष होता."

"कसला?"

"निरीक्षकाचा."

विनीत खरोखरच भला होता. डोंबिवलीत आपल्या ओळखीचा एक कारागीर आहे, तो एका दिवसात घड्याळ सरळ करून देईल, मग अदलाबदल ठरल्याप्रमाणे करू, असे त्याने आपण होऊन सुचवले. काळे घड्याळ काकांसाठी पुसून तयार ठेवले आहे, असेही सांगितले. रत्नदीप यांच्या डोळ्यांसमोर ती काळी तबकडी आली. आत लाटणे पोळपाटावर फिरत होते.

"नको," ते म्हणाले. "हे घरातच राहू दे. आहे असंच."

गुरुवारी सहाला त्यांनी अकराही घड्याळांना सोळा-सोळा वेढे दिले, डबा टेबलावर उघडाच ठेवला आणि ते फिरायला निघाले. तलावपाळीची फेरी संपवून ते घराच्या रस्त्याला लागले. पण कोपऱ्यावर थबकले, उघड्या मनगटाकडे पाहिले आणि मागे वळून तलावाला दुसरी फेरी घालू लागले. अकरा घड्याळे होती, आणि घाई झाली की कणीक सैल होत असे.