दगडातून आलेलं उत्तर

सट्टनाथन पिळ्ळै निवृत्त झाले आणि अंघोळ करताना मोठ्यानं गाऊ लागले, तेव्हा मयिलाडुतुरैच्या त्या गल्लीत सगळ्यांना कौतुक वाटलं. त्यांच्या बायकोला, तैयलनायकीला, मात्र राग आला. गाणं एका जुन्या राजाराणीच्या सिनेमातलं होतं. शापानं दगड झालेल्या राजकन्येपुढे उभा राहून राजपुत्र गातो आणि तिचं उत्तर दगडाच्या आतून येतं. सट्टनाथन मुलगी पाहायला आले तेव्हा तैयलनं तेच उत्तराचं कडवं म्हटलं होतं, आणि ते ऐकूनच त्यांनी होकार दिला होता. पण लग्नानंतर तिरुच्चीच्या आकाशवाणीवर गायची संधी चालून आली, तेव्हा ते म्हणाले, "आपल्या घरातल्या बायका चारचौघांत गात नाहीत." त्यानंतर तैयल गायली नाही, देवापुढेसुद्धा नाही. ती गात नाही हे त्यांच्या कधी लक्षातही आलं नाही, याचाच तिला अधिक संताप होता.

एका सकाळी शेजारची सेंगमलम कुंपणापाशी आली. "अक्का, एवढा गोड गळा आणि आम्हाला पत्ता नाही."

"कसला गळा?"

"आता लपवू नका. ते न्हाणीघरात गातात आणि तुम्ही आतून उत्तर देता. ऐकत बसले नि माझं सांबार करपलं तुमच्यापायी."

तैयल त्या वेळी मागच्या अंगणात इडलीचं पीठ वाटत होती. रगड्याच्या घरघरीत तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं रगडा थांबवला आणि ती न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सट्टनाथनांची ओळ संपली, आणि पाठोपाठ एक कोवळा, स्वच्छ आवाज वर चढला. श्वास घेताना तो किंचित अडखळला, अगदी तिथेच, जिथे लहानपणी गाणं शिकवणारे वाध्यार तिला रागे भरत. तिनं दार धडाधडा ठोठावलं.

"आत कोण गातंय?"

ते ओल्या अंगानं हसत बाहेर आले. "तूच की. इतकी वर्षं का गं दडवून ठेवलास हा आवाज?"

"मी दडवला? तुम्ही गाऊ दिलं नाहीत मला."

"मी?" ते खरोखरच आठवून पाहू लागले. "मी असं कधी म्हणालो?"

ते खोटं बोलत असते, तर तिला बरं वाटलं असतं.

ऐप्पसी महिन्यातल्या उत्सवात, कावेरीच्या घाटावरच्या कार्यक्रमात, त्यांनी तिला न विचारताच दोघांची नावं दिली. तैयलनं नकार दिला नाही. मनाशी तिनं ठरवलंच होतं की माईक हातात आला की या माणसानं काय केलं ते सगळ्या गावासमोर सांगायचं. त्यांचं कडवं संपलं. तिनं तोंड उघडलं, "याच माणसानं मला..." आणि कर्ण्यातून राजकन्येचं उत्तर घाटभर पसरलं. तिनं ओठ घट्ट मिटले. मग तोंडावर हात दाबून धरला. गाणं चालूच होतं. समोरची माणसं तिच्याच चेहऱ्याकडे भान हरपून पाहत होती, आणि तो हात एकालाही दिसत नव्हता. सेंगमलम पदरानं डोळे टिपत होती. तैयलनं माईक खाली आपटला आणि गाणं अर्ध्यावर असतानाच ती पायऱ्या उतरून चालू लागली. तिच्या पाठीमागे एकही सूर हलला नाही.

घरी येऊन ती बाहेरच्या ओट्यावर बसली. बऱ्याच वेळानं सट्टनाथन आले. गळ्यात हार होता, चेहरा समाधानानं फुललेला. ते तिच्या अंगावरूनच गेले.

"अहो, मला बोलायचंय तुमच्याशी," ती म्हणाली.

त्यांनी चपला काढल्या, हार खुंटीला अडकवला आणि आत पाहून हाक मारली, "तैयल, जरा कॉफी टाक गं."

"आणते हं," स्वयंपाकघरातून उत्तर आलं, इतक्या गोड, इतक्या राजीखुशीच्या आवाजात, की तसं उत्तर तैयलनं उभ्या संसारात त्यांना कधी दिलं नव्हतं.