मनकर्णाची उलटी

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे, उलटी धरायचा. पांढऱ्या एनॅमलचा, काजूच्या आकाराचा. आदिलाबादच्या एका लहानशा दवाखान्यात माझी हयात गेली. नवा होतो तेव्हा मला वाटायचं, माझ्यात कुणी फळं ठेवील. नशिबी आली लाळ, पित्त आणि पू. त्याची सवय होते म्हणतात. मला कधी झाली नाही. फिनेलने घासलं तरी आंबट वास कडांना चिकटून असायचा.

एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जवळच्या तलमडुगू गावाहून मनकर्णा आली. तान्हं मूल गेल्यापासून ती बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. त्यात काखेत मोठं गळू झालेलं. सोबत नवरा भिवाजी आणि सासू रुक्माबाई.

"सोंग हाय हे," सासू सगळ्यांदेखत म्हणाली. "गळू फोडलं की मायेरी नेऊन टाक."

डॉक्टरांनी भुलीसाठी केटामीनचं इंजेक्शन दिलं. मनकर्णाचे डोळे उघडेच राहिले, पण त्यांना काही दिसत नव्हतं. बुबुळं नुसती इकडून तिकडे हलत होती. नाडी धावू लागली, रक्तदाब चढला. चिकट लाळेच्या तारा माझ्यात पडू लागल्या. गळू फोडलं तसा पुवाचा घाणेरडा दर्प सुटला. शुद्धीवर येताना ती भडभडून ओकली. हिरवट, कडू पाणी नुसतं. पोटात अन्न होतंच कुठे?

रुक्माबाई नाकाला पदर लावून बाहेर जाऊन थुंकली. भिवाजीने मला धरलं, पण हात लांब करून, मान वळवून. अर्धी ओकारी फरशीवर सांडली. मला उलटीची शिसारी आली आणि त्या माणसाचीही.

तेवढ्यात मनकर्णा हळूच बोलली, "अवो, मी वर छताले लागली होती. खाली माह्यं अंग पडलेलं दिसे."

भिवाजी दचकून वळला. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली होती.

सकाळी ती म्हणाली, "भूक लागून राह्यली. भाकर हाय का?"

काही दिवस ती पट्टी बदलायला येई, विंचरलेल्या केसांनी, बोलत. मग पुन्हा गप्प झाली.

"पाह्य, आलं सोंग परत," रुक्माबाई म्हणाली.

"सोंग असतं तं सुईनं कसं उतरलं असतं, माय?" भिवाजीने विचारलं. त्याने डॉक्टरांकडे तीच सुई पुन्हा मागितली.

"असं का झालं, मला ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले. "ते भुलीचं औषध आहे, उदासीसाठी मी देणार नाही. पण हा आजार आहे. नागपूरला मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

भिवाजी तिला माहेरी नाही, नागपूरला घेऊन गेला. तिथल्या गोळ्यांनीही सुरुवातीला तिला मळमळायचं. एकदा आमच्याच दवाखान्यात ओकली. भिवाजीने एका हाताने तिचं कपाळ धरलं, दुसऱ्याने मला तिच्या हनुवटीखाली. त्याचा सदरा भरला. तो धुऊन येऊन पुन्हा तिच्याजवळ बसला. मनकर्णा सावरली, पण फार हळूहळू.

आता माझा मुलामा उडालाय. दवाखान्यामागे पडून आहे. कुत्रं हुंगतं आणि तेही निघून जातं. मित्रांनो, घरात कुणी अबोल झालं, ताट बाजूला सारू लागलं, तर त्याला वेळेत डॉक्टरांना दाखवा. तिथल्या औषधाने त्याला ओकारी आली, तर किळस येईलच, मलाही येते. तरी जवळ उभे राहा.