खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

"माझ्या खुर्चीत आजवर एकही पेशंट ओरडलेला नाही," दातांचे डॉक्टर छाती फुगवून म्हणाले, आणि खुर्चीतला कॅशियर असा काही ओरडला की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या.

चूक कॅशियरची नव्हती. बधिर करायचं इंजेक्शन डॉक्टरांनी डाव्या बाजूला दिलं होतं आणि दाढ उजवीकडची उपटत होते. मधल्या काळात ते परसात फांदीवरून उडी मारणाऱ्या खारीकडे बघत होते आणि कॅशियरला तिच्याकडून धाडस शिकायला सांगत होते.

डॉक्टरांचा दवाखाना घरातच, मागच्या खोलीत. खुर्ची त्यांनी मुद्दाम परसाकडच्या खिडकीसमोर ठेवली होती. पेशंटने पक्कड बघून घाबरण्यापेक्षा झाडं बघावीत आणि निसर्गाकडून चार गोष्टी शिकाव्यात, अशी त्यांची पद्धत. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं, असा त्यांचा समज झाला होता.

पेशंट मात्र एकेक करून गळत चालले होते. ते जात होते चौकातल्या काचेच्या दवाखान्यात. तो दवाखाना होता डॉक्टरांच्या सख्ख्या मेव्हण्याचा.

"अहो, लोक दात दाखवायला येतात, प्रवचन ऐकायला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दवाखान्यात मदतीला त्याच असायच्या. "आज शाळेच्या मोठ्या बाई येतायत. त्यांना काम आवडलं तर अख्ख्या शाळेच्या दातांची तपासणी आपल्याकडे. नाही आवडलं, तर उद्यापासून माझ्या भावाच्या हाताखाली. त्याने तुमच्यासाठी पांढरा कोटसुद्धा शिवून ठेवलाय."

"त्याच्या हाताखाली? मी? अगं, त्याला दाढ कुठली आणि सुळा कुठला हे मी शिकवलंय!"

"म्हणूनच म्हणते, आज तेवढं तोंड बंद ठेवा."

मोठ्या बाई आल्या. मागच्या दाढेची सोनेरी कॅप निघाली होती, ती रुमालात बांधून आणली होती. डॉक्टरांनी कॅप घासूनपुसून लख्ख केली आणि वाळायला खिडकीच्या कट्ट्यावर ट्रेमध्ये ठेवली. बाईंच्या तोंडात कापसाचे बोळे भरले, गळ्यात निळा कागद अडकवला. इथवर सगळं कसं शिस्तीत झालं होतं. पण समोर बाग होती, बाईंचं तोंड उघडं होतं आणि डॉक्टरांच्याने राहवेना.

"तो कोळी बघा बाई. वाऱ्याने जाळं तुटलं तरी पुन्हा विणतो. का? तर चिकाटी!"

तेवढ्यात भिंतीवरून पाल आली आणि तिने कोळी गिळला.

"ऊं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे... कामाच्या नादात आजूबाजूला लक्ष ठेवावं," डॉक्टर म्हणाले. "बरं, त्या मुंग्या बघा. कशी रांग आहे! कुणी ढकलत नाही, कुणी पुढे घुसत नाही."

"अगं बाई! या तर माझ्या साखरेच्या डब्याकडे निघाल्यात!" म्हणत डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराकडे पळाल्या.

डॉक्टरांनी घाम पुसला. एवढ्यात कट्ट्यावर कावळा येऊन बसला. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

"हा बघा! पिल्लांसाठी दिवसभर वणवण करतो. स्वतः उपाशी राहील, पण—"

कावळ्याने मान वाकडी करून ट्रेकडे बघितलं, कॅप उचलली आणि उडाला.

डॉक्टर खिडकीतून उडी मारून त्याच्या मागे. बाईही मागे राहिल्या नाहीत. गळ्यात निळा कागद, तोंडात बोळे, पदर खोचलेला, अशा त्या दाराने धावत आल्या. कावळा पाण्याच्या टाकीवर बसला. कॅप त्याने दोनदा आपटून पाहिली, फुटेना, चव लागेना. मग टाकून दिली. ती पडली थेट खतासाठी केलेल्या खड्ड्यात.

खड्ड्यात आठवडाभराची सालं, देठं, अंड्यांची टरफलं आणि चहाचा चोथा. डॉक्टर गुडघ्यांवर बसून उकरू लागले. सवय जाईना.

"बघा बाई, जे कुजतं, त्यातूनच नवं—"

"ऊंऊं!" बाई अशा गरजल्या की डॉक्टर अर्ध्यात थांबले. इतकी वर्षं शाळा चालवलेल्या बाईच त्या, अर्थ कळायला शब्द लागत नव्हते.

कॅप शेवटी बाईंनाच सापडली. डॉक्टरीणबाईंनी ती पुन्हा पुन्हा धुतली, उकळली. मग डॉक्टरांनी बसवायला घेतली. या वेळी ते एक अक्षर बोलले नाहीत. एकतर धाप लागली होती, शिवाय लाजही वाटत होती. हात मात्र हलके आणि नेमके चालले होते. कॅप अशी चपखल बसली की बाईंनी जीभ फिरवून पाहिली आणि कुठली दाढ ते त्यांनाच कळेना.

त्यांनी आरसा खाली ठेवला.

"डॉक्टर, तुमचा हात सोन्याचा आहे हो! पण तो दिसायला तुम्हाला गप्प बसावं लागतं."

"हो बाई," डॉक्टर पुटपुटले.

"शाळा तुमच्याकडे देते. पण माझ्या मुलांसमोर ही खिडकी बंद आणि तुमचं तोंडही. शिकवायचं काम आम्ही करतो, पगार घेतो त्याचा."

डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. पाल भिंतीवर गेली होती. मुंग्यांनी डॉक्टरीणबाईंच्या झाडूला वळसा घालून नवी रांग लावली होती. कावळा टाकीवर चोच पुसत होता. डॉक्टर गप्प राहणार म्हणून कुणालाच काही फरक पडलेला नव्हता. सगळे आपापल्या कामात होते.

"कबूल," डॉक्टर म्हणाले. "आतापासूनच. हे बघा, तुमच्यासमोर खिडकी लावतो."

डॉक्टरीणबाईंनी दारातून भावाला फोनसुद्धा लावला. "कोट दुसऱ्या कुणाला दे रे. यांना शाळा मिळाली!"

खिडकी कित्येक वर्षांत लावलेली नव्हती. डॉक्टरांनी जोर लावून ओढली तेव्हा ती एकदम बंद झाली आणि त्यांचा उजवा अंगठा फटीत सापडला. हाड मोडलं. शाळेतल्या मुलांचे दात मेव्हण्याने तपासले.