पायको न पिता

अंगणात कोकोच्या बिया वाळत घालताना दोमितिलाला धाप लागली आणि ती तिथेच बसली. खोकला जुनाच होता, पण आता श्वास पुरेना. लेकीने, नेल्वाने, तिला होडीत घालून नदीपलीकडच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर केवेदो तिथे नवे होते. "मावशी, दम्याची जोरदार गोळी द्यायला हवी. पण पोटात जंत असले तर हीच गोळी त्यांना रान मोकळं करून देते. मग माणूस हाती लागत नाही. शौच कधी तपासलंय?"

"दर वेळी. अन् दर वेळी स्वच्छ."

"अंगाला खाज?"

दोमितिलाने पदर सावरावा तशी शाल ओढून घेतली. नेल्वाच म्हणाली, "कंबरेखाली लाल रेघ उठते हिच्या. सकाळी एका जागी, दुपारी वीतभर पुढे. सगळे मलमच देतात."

केवेदोंनी लेखणी खाली ठेवली. "नमुना द्यायच्या आधी काही घेता?"

"पायकोच्या पाल्याचा रस, पोट साफ करायला. चंद्र उतरणीला लागला की आमच्याकडे सगळेच पितात. इथे यायचं असलं की मी हमखास पिते. परक्याच्या हातात घाण कशी द्यायची, बाबा?"

"पाहुण्यांआधी घर झाडते तशी," नेल्वा हसली.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "ती रेघ म्हणजे कातडीखालून सरकणारा जंतच. रसाने ते संपत नाहीत मावशी, नमुन्यात नुसते दिसेनासे होतात. चिखलातून अनवाणी पायात शिरतात अन् वर्षानुवर्षं आत नांदतात. आता काही न पिता नमुना आणा. तोवर ती गोळी नाही, हा फवारा ओढा."

घरी परसात पायको माजला होता. दोमितिलाने सवयीने पानं खुडली, बोटांना त्याचा उग्र वास लागला. कोनाड्यातल्या मेरीमातेपुढे ती उभी राहिली. "माये, या वेळी माझी लाज राखू नकोस. श्वास तेवढा राख." पानं तिने कोंबड्यांपुढे टाकली.

केळीच्या पानात गुंडाळलेली नमुन्याची डबी तिने मान खाली घालूनच दिली. निकालाच्या दिवशी केवेदोंनी तिला भिंगाच्या यंत्रातून बघायला लावलं. दोऱ्याहून बारीक काहीतरी वळवळत होतं.

"एवढासा?" तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला. "अन् मी इतकी वर्षं याला झाकत होते."

आधी जंतांची गोळी मिळाली, दम्याचं त्यानंतर बघायचं ठरलं. होडीत बसताना तिने नेल्वाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"उद्या तुझी डबी. अन् पायकोला हात लावशील तर बघ."