गाळलेले श्वास

रेडिओ केंद्रात तिला सगळे कानसेन म्हणत, आणि ते तिला मनातून आवडायचंही. जुन्या टेपवरचा आवाज धुऊन-पुसून डिजिटल रेडिओजोगा करायचा, हे तिचं काम. एकाच वाटेने दहा वाहिन्या पाठवायच्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जागा येणार चिमूटभर. तिथे खरखरीचे लाड कोण करणार?

या खेपेची टेप मात्र घरचीच होती. तिचे बाबा याच केंद्रावर गोष्टी वाचायचे. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. आता त्यांची जुनी गोष्ट पुन्हा लागणार होती. स्वतःचा आवाज ऐकून तरी जिभेला काही आठवेल, एवढीच तिला आशा होती. म्हणून तिने जीव ओतून काम केलं. खरखर तर काढलीच, वर वाक्यांमधले श्वासही वेचून काढले. आवाज कसा लख्ख झाला.

संध्याकाळी घरी येऊन तिने बाबांच्या कानात इअरफोन घातले. बाबांनी थोडं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"अहो, तुम्हीच आहात की ते!" आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. नाही.

कानसेनबाईंचं तोंड एवढंसं झालं. साफ करताना बाबाच निसटले की काय? हे तपासायची एक रीत असते. मूळ आवाजातून साफ केलेला वजा करायचा, म्हणजे उरतो तो नुसता कचरा. त्यात शब्द सापडला, तर आपला हात जरा जास्तच चालला असं समजायचं. उत्साहाच्या भरात तिने ते केलंच नव्हतं. तिने इअरफोन बाजूला ठेवले, लॅपटॉप उघडला आणि कचरा मोठ्याने लावला.

शब्द एकही नव्हता. खरखर होती आणि तिच्यात बाबांचे श्वास होते. लांब, आखूड, मध्येच गोष्टीत राक्षस यायच्या आधी रोखून धरलेला. अख्खी गोष्ट तिथे होती, शब्दांवाचून! आणि हे आपण कचरा म्हणून फेकलं होतं.

तिने वळून पाहिलं. बाबा ताठ बसले होते. टेपवर श्वास आत गेला की त्यांची छाती भरत होती, सुटला की उतरत होती. मग एक लांब श्वास आला, आणि पुढे वाक्याची जागा रिकामी.

"मग..." बाबा म्हणाले. जड, बोबडं, पण स्वच्छ कळेल असं.

"काय म्हणालात?" आई धडपडत उठली.

बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. वाचन चालू होतं.