इंजिन निवेपर्यंत

कितोंगांच्या धाकट्या लेकीचे, सियोंबुआचे, ज्या वर्षी लग्न ठरले त्या वर्षी मी केनियातल्या माचाकोसला आले. नवऱ्याकडून देज म्हणून तीन बकऱ्या ज्या दुपारी अंगणात आल्या, त्याच दुपारी मीही आले. घरातली सगळी माणसे बकऱ्यांचे दात आणि खूर पाहण्यात गुंतली होती. माझ्याजवळ पहिल्यांदा कुणी आले असेल तर ती त्यातलीच एक बकरी. ती माझ्या बोनेटवर चढून उभी राहिली. तिच्या खुराचा ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे.

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. चार दारांची, मागे डिकी असलेली, निळ्या रंगाची. माझा जन्म जपानातला. तिथल्या बर्फात मी काही वर्षे धावले, मग तिथल्या माणसाने मला विकले. जहाजाच्या पोटात अंधारात मी उभी होते. आजूबाजूला गाड्याच गाड्या होत्या, पण कुणी कुणाशी बोलत नव्हते. इंजिन बंद असले की आम्हाला वाचा नसते. मोंबासाच्या बंदरात ऊन अंगावर पडले तेव्हा कळले, की आता बर्फ पुन्हा दिसायचा नाही.

मला घेतले ते कितोंगांच्या मुलाने, मुसेंबीने. तो नैरोबीच्या एका कारखान्यात विजेची यंत्रे दुरुस्त करायचा. पहाटे जायचा, संध्याकाळी यायचा. मोठ्या रस्त्यावर मालट्रकांची रांग असते, आणि ती ओलांडायला अंगात दम लागतो. माझ्या अंगात तो होता. माझ्या इंजिनाला टर्बो आहे. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो, त्याच्याच जोरावर एक छोटी चक्की फिरते आणि इंजिनाच्या छातीत जास्तीची हवा भरते. मुसेंबीने ती चक्की काढून मोठी बसवली. सायलेन्सर रुंद केला. स्प्रिंगा बदलून मला जमिनीजवळ आणले, आणि पुढे अंगाला घट्ट धरणाऱ्या खोल खुर्च्या बसवल्या. माझा आवाज तेव्हापासून बदलला. रिकाम्या रांजणात कुणी दगड घोळवावेत तसा तो येतो.

कितोंगांना तो आवाज मुळीच आवडला नाही.

"मुसेंबी, गिरणी आणलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आता मका टाक आणि पीठ काढून दाखव."

"बाबा, या गाडीला लोक रस्त्यात थांबून बघतात."

"बघणारच. आजारी माणूस रस्त्यात खोकत चालला तरी लोक बघतात."

कितोंगा मधमाश्या पाळणारे. त्यांच्या बाभळींवर लाकडाच्या पोकळ ओंडक्यांची पोळी टांगलेली असायची. ओंडक्याला कान लावून आत काय चालले आहे ते ते सांगायचे. पुढे डोळ्यांत जाळे वाढत गेले आणि कानच त्यांचे डोळे झाले. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. सियोंबुआ सासरी गेली. दिवसभर अंगणात ते आणि कोंबड्या.

पण संध्याकाळी मी पेरूच्या झाडापाशी वळले, की फाटक उघडलेले असायचे. मला कधी हॉर्न वाजवावा लागला नाही. माझा आवाज टेकडीच्या पायथ्याशी असतानाच ते उठायचे. सून म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा, मी उघडते." ते म्हणायचे, "तू भाजी बघ. गिरणीचं गिऱ्हाईक माझं आहे."

आता माझी एक खोड सांगते. टर्बोची चक्की धावून धावून लाल होते. गाडी थांबल्याबरोबर इंजिन बंद केले, तर चक्कीतले तेल जागच्या जागी करपते आणि चक्की मरते. म्हणून आम्हाला थांबल्यावर थोडा वेळ नुसते चालू ठेवावे लागते. मुसेंबी तेवढा वेळ आत बसून राही. कितोंगा फाटक लावून येत, माझ्या टपावर हात ठेवत आणि खिडकीशी वाकत. माझ्याबद्दलची एवढी एकच गोष्ट त्यांना पटली होती.

"पोळ्याला धूर दिल्यावर थांबावंच लागतं," ते म्हणत. "तुझ्या गिरणीला निदान एवढी अक्कल आहे."

आणि मग ते दोघे बोलत. फार काही नाही. आज धूळ जास्त होती. तुझ्या आईच्या थडग्यावरचं गवत कापलं. ओढ्याकडच्या पोळ्यातली राणी म्हातारी झाली वाटतं. कारखान्यातला तो साहेब अजून ओरडतो का? इंजिन निवले की मुसेंबी किल्ली फिरवी, आणि ते बोलणे तिथेच थांबे. घरात टीव्ही असे, पोरे असत, जेवण असे. घरात ते दोघे एकमेकांशी बोलल्याचे मी कधी ऐकले नाही.

मग कितोंगा बाभळीवरून पडले. नीट दिसत नसताना वर चढले होते. कंबरेचे हाड मोडले, आणि दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या माझ्यातूनच व्हायच्या. मी इतकी ठेंगणी, की त्यांना आत बसवणे म्हणजे विहिरीत उतरवणे. एकदा दवाखान्याच्या दारात ते त्या खोल खुर्चीत असे अडकले, की दोन माणसांनी काखेत हात घालून त्यांना ओढून काढले.

"सावकाश रे," कितोंगा म्हणाले, "मध सांडेल."

ती माणसे हसली. मुसेंबी हसला नाही. बापाचा चेहरा घामाने भिजलेला त्याने पाहिला होता. त्याच आठवड्यात त्याने माझ्या काचेला 'विकणे आहे' असा कागद लावला.

पेट्रोल पंपाशेजारी मी उन्हात उभी राहिले. एकजण आला, त्याला गप्प गाडी हवी होती. म्हणाला, हा सायलेन्सर काढून साधा बसव, मग बोलू. दुसऱ्याला फक्त माझी चक्की आणि खुर्च्या हव्या होत्या, उरलेली मी भंगारात. मुसेंबीने दोघांनाही परत पाठवले. मग कोंबड्यांच्या खाद्याचे दुकान चालवणारी न्दुंगे आली. चाळिशीची, एकटी राहणारी बाई. तिने बोनेटवर तळहात ठेवला आणि काढला.

"गरम आहे. आत्ताच चालवून ठेवलीस ना? मी उद्या सकाळी येते. थंड असताना माझ्यासमोर चालू कर. आजारी गाडी सकाळी खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने माझा आवाज ऐकला, आणि मला घेतले. मुसेंबीने तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, थांबल्यावर लगेच बंद करू नका, थोडं निवू द्या.

"बाबा रे," न्दुंगे म्हणाली, "नवरा सोडून गेला तेव्हासुद्धा मला कुणी इतकं समजावलं नव्हतं."

किल्ली तिच्या हातात देताना त्याने माझ्या दारावरून हात फिरवला नाही, मागे वळूनही पाहिले नाही. विकणारी माणसे अशीच असतात. ती वाईट नसतात.

मी आता खाद्याच्या दुकानामागच्या आवारात राहू लागले. मागच्या सीटवर पोती, खाली भुसा. न्दुंगे मला नीट सांभाळायची, पण माझ्याशी बोलायची नाही. इंजिन निवेपर्यंत तीही आत बसे, काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहत. आम्ही दोघी एकट्याच होतो, आणि एकत्र असून त्यात काही फरक पडत नव्हता.

एकदा टेकडीवरच्या गिऱ्हाइकाकडे पोती द्यायला जाताना तिने मला त्या जुन्या रस्त्याने नेले. पेरूच्या झाडापाशी वळलो, आणि मी पाहिले. फाटक उघडे होते. कितोंगा काठीवर रेलून उभे होते.

न्दुंगेला वाटले, म्हातारा सहज उभा आहे. तिने हात केला आणि पुढे गेली. टेकडी उतरताना पाहिले तर फाटक तसेच उघडे, ते तसेच उभे. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा तिने मला सरळ आत घातले.

कितोंगांनी फाटक लावले, काठी टेकत आले, टपावर हात ठेवून वाकले.

"तू मुसेंबी नाहीस," ते म्हणाले. "कोंबड्यांच्या खाद्याचा वास येतोय."

"मी न्दुंगे, बाबा. ही गाडी आता माझी आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. गाडी विकली, हे मला ठाऊक आहे. पण पोरी, पाय कानाला विचारून उठतात, मला नाही." मग म्हणाले, "आलीच आहेस तर निवू दे तिला. घाई करू नकोस."

तेव्हापासून न्दुंगे टेकडीवर गेली की आत वळायची. त्या थोड्या वेळात कितोंगा तिला बाभळींचे सांगत, थडग्यावरच्या गवताचे सांगत. एकदा ते म्हणाले, "हल्ली मुसेंबी त्या नव्या, गप्प गाडीचा हॉर्न वाजवतो. हॉर्न पाहुणे वाजवतात. पाहुण्यांना दार उघडायला सून आहे."

न्दुंगेने ते मुसेंबीला सांगितले. तो दुकानात पिलांचे खाद्य घ्यायला आला होता. पोते उचलायचे सोडून तो उभाच राहिला.

"परत देता का?" त्याने विचारले.

"नाही. मला आवडलीय ती. आणि तुझ्या बापाला परत त्या विहिरीत बसवणार आहेस का?" तिने किल्ली काउंटरवर ठेवली. "आजच्या संध्याकाळपुरती ने. भुसा झटकू नकोस, काही उपयोग नाही."

मुसेंबी मला घेऊन निघाला. पेरूचे झाड आले, फाटक उघडे होते. तो आत येऊन थांबला. कितोंगांनी टपावर हात ठेवला, वाकले, आणि बोलू लागले.

"न्दुंगे, आज उशीर केलास. ऐक. माझ्या पोरानं ही गाडी माझ्या कंबरेसाठी विकली. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. शहाणा आहे. नवी गाडी चांगली आहे, उंच, मऊ. पण तीत बसलो की आम्ही दवाखान्याचंच बोलतो. घरी आलो की तो किल्ली फिरवतो आणि उतरतो. तिला निवावं लागत नाही."

मुसेंबीचे हात स्टीअरिंगवरच होते. तो म्हणाला, "बाबा, मी आहे."

"माहीत आहे. न्दुंगे पेरूपाशी गियर बदलते. तू बदलत नाहीस."

"मग न्दुंगे का म्हणालात?"

"नाहीतर मला सांगता आलं नसतं."

मी केव्हाच निवले होते. मुसेंबीने किल्लीला हात लावला नाही. आतून सुनेने हाक मारली, ती विरून गेली. कितोंगाच शेवटी म्हणाले, "त्या बाईचं पेट्रोल जळतंय."

"जळू दे. सकाळी भरून देतो. ओढ्याकडच्या पोळ्याचं काय झालं?"

त्यानंतर मी त्याच्या हाती गेले नाही. पण न्दुंगेला सुनेने बाजारात सांगितले, की मुसेंबी आता हॉर्न वाजवत नाही. उतरून स्वतः फाटक उघडतो, आत येतो, आणि त्या गप्प गाडीचे इंजिन उगाच चालू ठेवून बसतो. कितोंगा काठी टेकत येतात. तिचा आवाज त्यांना ऐकू येत नाही. टपावर हात ठेवला की थरथर तेवढी कळते, आणि तेवढी त्यांना पुरते.

मित्रांनो, माझ्यासारखी गाडी तुमच्याकडे असो वा नसो, घरी पोहोचल्याबरोबर किल्ली फिरवू नका. जरा बसा. कुणीतरी खिडकीशी वाकायला येत असेल. त्याला चालायला वेळ लागतो.

मी अजून टेकडीवर पोती नेते. पेरूपाशी न्दुंगे गियर बदलते. फाटक आता बंद असते.

सियोंबुआच्या दुसऱ्या मुलाला दात आले त्या वर्षी, आमच्याकडचा आंब्याचा हंगाम संपताना, मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, कितोंगा वारले.